संसारांतील यंत्रें : मोटारीच्या पिवळ्या दिव्याचें निदान

मागील अंकांत आम्हीं पाण्याच्या पंपाविषयीं चार शब्द लिहिले. त्यानंतर जीं पत्रें आलीं त्यांत पंपापेक्षां मोटारीविषयींचीच विचारणा अधिक आहे, आणि बहुतेक पत्रांचा मजकूर एकच आहे. गाडी वरकरणी चांगली चालत असतां चालकासमोरील तबकडींत एंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्यें नेल्यावर तेथील मनुष्य एक यंत्र जोडतो, एक संकेतांक वाचतो आणि अमुक भाग बदलावा लागेल म्हणून सांगतो. भाग बदलून गाडी घरीं येते आणि आठ दिवसांत दिवा पुन्हां लागतो. पैसे तर गेलेच, आणि आतां दोष गाडीला द्यावा, गॅरेजला द्यावा कीं दैवाला द्यावा, हें कळेनासें होतें. ह्या प्रश्नाचें उत्तर एका पत्रोत्तरांत मावण्यासारखें नाहीं, म्हणून ह्या महिन्याचें हें सदर त्यासच देत आहों.

प्रथम हा दिवा कोणीं व कां बसविला हें पाहिलें पाहिजे. तो गाडीच्या मालकाच्या सोयीसाठीं जन्मास आला नाहीं. तो हवेच्या रक्षणासाठीं आला. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर जें डोळे झोंबविणारें धुरकट आवरण बसे, तें मुख्यतः मोटारींच्या धुरावर ऊन पडून तयार होतें, हें आरी हागेन-स्मिट ह्या रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत दाखवून दिलें. पुढें १९६७ मध्यें कॅलिफोर्निया राज्यानें हवेच्या देखरेखीसाठीं स्वतंत्र मंडळ नेमलें. नवी गाडी कारखान्यांतून शुद्ध निघाली तरी चार वर्षांनीं ती तशीच राहील ह्याचा भरंवसा काय, हा त्या मंडळापुढील प्रश्न होता. आणि गाडीनें आपली तपासणी आपणच करावी व बिघाड झाल्यास दिवा लावावा, हें त्याचें उत्तर ठरलें. त्या राज्यांत १९८८ सालच्या गाड्यांपासून ही व्यवस्था सक्तीची झाली. परंतु प्रत्येक कारखानदाराची भाषा व जोडणी निराळी असे. १९९६ सालापासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींस एकच जोडणी व एकच संकेतभाषा ठरवून देण्यांत आली. आपल्याकडे ही व्यवस्था २०१० मध्यें पहिल्या टप्प्यानें व २०१३ मध्यें दुसऱ्या टप्प्यानें आली आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या नियमांबरोबर ती अधिक कडक झाली.

हा पूर्वेतिहास सांगण्याचें कारण इतकेंच कीं, पिवळा दिवा मुख्यतः एंजिनावर व त्याच्या धुरावर लक्ष ठेवतो. टायर झिजले, क्लच घसरूं लागला, ब्रेकचे पॅड संपत आले, तरी तो बोलणार नाहीं. दिवा नाहीं म्हणजे गाडी निर्दोष, अशी समजूत करून घाटांत उतरणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं ती समजूत सोडून द्यावी हें बरें.

आतां संकेतांकाची रचना पाहूं. उदाहरणार्थ पी०१७१ घ्या. आरंभींचें ‘पी’ हें अक्षर एंजिन व गिअरबॉक्स ह्यांचा विभाग दाखवितें. ‘बी’ म्हणजे गाडीचा सांगाडा व अंतर्भाग, ‘सी’ म्हणजे ब्रेक, सुकाणू वगैरे चालीचा भाग, आणि ‘यू’ म्हणजे गाडींतील निरनिराळ्या संगणकांचें आपसांतील बोलणें. त्यापुढील शून्य हें सर्व कारखानदारांस समान अशा संकेतांकाची खूण आहे. तेथें एकचा आंकडा असेल तर तो संकेतांक त्या कारखानदाराचा खासगी होय व त्याचा अर्थ त्याच्याच पुस्तकांत पाहिला पाहिजे. तिसऱ्या स्थानीं एक किंवा दोन असल्यास हवा व इंधन, तीन असल्यास ठिणगी, चार असल्यास धुराचें शुद्धीकरण. शेवटचे दोन आंकडे नेमकी तक्रार सांगतात. पी०१७१ म्हणजे ‘पहिल्या बाजूच्या सिलिंडरांत मिश्रण फार विरळ होत आहे.’ विरळ म्हणजे हवा अधिक, पेट्रोल कमी.

सर्व घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. संकेतांक ‘मिश्रण विरळ आहे’ एवढेंच म्हणतो. ‘अमुक भाग बिघडला आहे’ असें तो म्हणत नाहीं. ती तक्रार आहे, निकाल नव्हे. रोग्याला ताप आहे असें उष्णतामापक सांगतो. तो हिंवतापाचा कीं विषमज्वराचा, हें वैद्यानें ठरवावयाचें असतें. आपल्या नैयायिकांचें उदाहरण येथें चपखल बसतें. डोंगरावर धूर दिसला असतां तेथें अग्नि आहे हें अनुमान खरें, कारण अग्नीवांचून धूर कोठेंच नसतो. परंतु अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे हें अनुमान खोटें. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. बिघडलेला ऑक्सिजन-सेन्सर पी०१७१ उत्पन्न करूं शकतो हें खरें आहे. म्हणून पी०१७१ दिसला कीं ऑक्सिजन-सेन्सर बिघडला, असें म्हणणारा मेकॅनिक व्याप्ति उलटी लावीत असतो, आणि त्या उलट्या व्याप्तीचें बिल घरच्या कर्त्या माणसाला भरावें लागतें.

आमच्या परिचयाचें एक अकरा माणसांचें एकत्र कुटुंब आहे. घरांत गाडी एकच. आणि घरांतील वडील आजींस आठवड्यांतून दोनदां डायलिसिससाठीं तीच गाडी नेते. ह्या गाडीचा दिवा लागला, संकेतांक पी०१७१ निघाला आणि एका गॅरेजनें पुढचा ऑक्सिजन-सेन्सर बदलला. नवव्या दिवशीं दिवा परत आला. मग ‘तो भागच सदोष निघाला असेल’ म्हणून दुसरा घातला. ह्या दोन खेपांत गाडी एकंदर पांच दिवस घराबाहेर राहिली व आजींस परक्या वाहनानें न्यावें लागलें. शेवटीं त्या घरांतील धाकट्या सूनबाईंनीं, ज्या स्वतः ती गाडी रोज चालवितात, एक लहानसा स्कॅनर आणविला आणि संकेतांकाच्या पलीकडे जे आंकडे दिसतात ते वाचून पाहिले.

ते आंकडे म्हणजे इंधनाची दुरुस्ती. पेट्रोलचा एक भाग पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. एंजिनाचा संगणक आंत येणारी हवा मोजतो, तितक्या हवेस पुरेल इतकें पेट्रोल सोडतो, आणि मग धुराच्या नळींतील ऑक्सिजन-सेन्सरला विचारतो कीं हिशेब जमला काय. उरलेला ऑक्सिजन जास्त दिसला तर संगणक पेट्रोल वाढवितो, कमी दिसला तर घटवितो. ही वाढघट तो टक्क्यांत लिहून ठेवतो, तात्पुरती निराळी व कायमची निराळी. पांच-सात टक्के इकडेतिकडे हें चालावयाचेंच. सध्यांच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्यें ऑक्सिजन मुळांतच असल्यामुळें कांहीं जुन्या गाड्यांत ही संख्या थोडी वर राहते, तिला रोग समजूं नये. पण संगणकास पेट्रोल वाढवून वाढवून जेव्हां मर्यादा गांठावी लागते, तेव्हां तो पी०१७१ लिहितो व दिवा लावतो.

ह्या गाडींत उभ्या स्थितींत, एंजिन मंद चालत असतां, ही वाढ २२ टक्के होती. मिनिटास २५०० फेऱ्यांपर्यंत एंजिन नेऊन तेथें स्थिर धरल्यावर ती ५ टक्क्यांवर आली. ह्या दोन आंकड्यांतच निदान आहे. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढें कोठें तरी नळीला भेग पडली असून तिच्यांतून न मोजलेली हवा आंत शिरत होती. ती चोरटी हवा जवळजवळ ठराविक. एंजिन मंद असतांना एकूण हवा थोडी, म्हणून चोरीचें प्रमाण मोठें. एंजिन जलद फिरूं लागलें म्हणजे एकूण हवा पुष्कळ, म्हणून तीच चोरी नगण्य. पावशेर दुधांत एक पेला पाणी पडलें तर लहान मूलही ओळखतें, हंडाभर दुधांत पडलें तर गवळीही शपथ घेईल. ह्याच्या उलट, जर वेगाबरोबर आंकडा वाढत गेला असता, तर पेट्रोलचा पंप अशक्त झाला आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला आहे, असा तर्क करावा लागला असता. (ज्या गाड्यांत हवेचें वजन न मोजतां नळींतील दाबावरून अंदाज बांधतात, त्यांत हें गणित इतकें सरळ लागत नाहीं, तेथें भेग पडली तर पुष्कळदां एंजिनच उभ्या गाडींत जास्त जोरानें फिरूं लागतें. आपली गाडी कोणत्या जातीची हें आधीं विचारून घ्यावें.)

दुसऱ्या एका गॅरेजमध्यें हवेच्या मार्गांत यंत्रानें धूर भरण्यांत आला आणि एंजिनाच्या मागच्या अंगास असलेल्या एका रबरी नळीच्या वांकणांतून तो निघतांना दिसला. नळी बदलली, खर्च दोन्ही सेन्सरांच्या किंमतीच्या मानानें क्षुल्लक. ऑक्सिजन-सेन्सर पहिल्यापासून खरेंच बोलत होता. चौकीदारानें चोर आल्याची वर्दी दिली आणि धन्यानें चौकीदारालाच दोनदां बडतर्फ केलें, असा हा प्रकार. नळीवर ज्वालाग्राही द्रव फवारून भेग शोधण्याची एक रीत कित्येक ठिकाणीं चालते. तापलेल्या एंजिनावर तिनें आग लागण्याचा संभव आहे, सबब ती घरीं कोणीं करूं नये.

सर्वच संकेतांक असे गूढ नसतात. कांहीं निव्वळ विजेच्या जोडणीचे असतात, आणि त्यांत पहिला संशय भागावर न घेतां तारेवर घ्यावा. पी०११३ हा आंत येणाऱ्या हवेच्या उष्णतेचा सेन्सर फार उंच व्होल्टेज दाखवितो असें सांगतो. अशा वेळीं स्कॅनरवर उष्णता पाहिली तर उणे ४० अंश दिसते. पुण्यास वैशाखांत उणे ४० अंश! ह्याचा अर्थ तार कोठें तरी तुटली आहे किंवा हवेचा फिल्टर साफ करतांना काढलेला प्लग परत बसविण्याचा राहिला आहे. पावसाळ्यांत तारांच्या जोडांत पाणी शिरतें. आणि बरेच दिवस उभ्या ठेवलेल्या गाडींत उंदीर तारांचीं आवरणें कुरतडतात. उंदरानें खाल्लेली तार कोणताही संकेतांक उत्पन्न करूं शकते. तेव्हां नवा भाग मागविण्यापूर्वीं झांकण उघडून पांच मिनिटें नुसत्या डोळ्यांनीं पाहण्यास कांहींच हरकत नाहीं.

ठिणगीच्या तक्रारीची परीक्षा तर फार सुंदर आहे. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरांत इंधन नीट पेटत नाहीं. पी०३०२ म्हणजे दुसऱ्यांत. पी०३०० म्हणजे कोठें एकाच जागीं नव्हे, वाटेल तेथें. कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल किंवा सिलिंडरांतील दाबच गेला असेल. ज्या एंजिनांत प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र कॉइल असते, तेथें एंजिन बंद व थंड असतां पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्याची पहिल्यावर बसवावी, संकेतांक पुसावा आणि गाडी फिरवून आणावी. आतां पी०३०२ आला तर कॉइल अपराधी. दोष तिच्या मागोमाग गेला. पुन्हां पी०३०१ च आला तर कॉइल निर्दोष. मग हाच प्रयोग प्लगांचा करावा. अन्वय आणि व्यतिरेक ह्यांचा इतका स्वस्त प्रयोग दुसरा नाहीं, कारण त्यांत विकत कांहींच घ्यावें लागत नाहीं. चारही कॉइल एकदम बदलण्याचा सल्ला देणाऱ्यास हा प्रयोग केला काय म्हणून अवश्य विचारावें.

परंतु ठिणगीचीच तक्रार अशी आहे कीं जींत उशीर करूं नये. पिवळा दिवा स्थिर असेल, गाडी सुरळीत चालत असेल, तर काळजीपूर्वक घरीं येण्यास व सवडीनें तपासण्यास प्रत्यवाय नाहीं. तोच दिवा उघडझांप करूं लागला तर मात्र वेग ताबडतोब कमी करावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावें. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील शुद्धीकरणाच्या डब्यांत, ज्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात, जाऊन तेथें जळूं लागतें आणि डबा इतका तापतो कीं आंतील जाळी वितळते. प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम ह्या मौल्यवान धातूंचा लेप असल्यामुळें तो डबा गाडींतील महाग भागांपैकीं आहे. शिवाय तेलाच्या दाबाचा किंवा पाण्याच्या उष्णतेचा तांबडा दिवा लागला असतां हा सगळा विचार करीत बसूं नये. एंजिन त्याच क्षणीं बंद केलें पाहिजे.

ह्याच डब्याविषयींचा संकेतांक पी०४२०. डब्याच्या पुढें एक व मागें एक असे दोन ऑक्सिजन-सेन्सर असतात. पुढील साधारण सेन्सर सुमारें ०.१ ते ०.९ व्होल्ट ह्यांमध्यें सारखा झुलत असतो. डबा नीट काम करीत असेल तर मागचा जवळजवळ स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच झुलूं लागला म्हणजे संगणक डबा थकला असें समजतो. हें पुष्कळदां खरें असतें. तथापि सेन्सरापूर्वीं नळीला भोंक पडून बाहेरची हवा आंत ओढली जात असेल तरी तसेंच चित्र दिसतें, म्हणून आधीं तें पाहावें. आणि डबा खरोखर मेला असेल तर तो कशानें मेला हें विचारल्याशिवाय नवा बसवूं नये. एंजिन तेल जाळीत असेल किंवा एखादा सिलिंडर पेटत नसेल, तर नव्या डब्याचीही तीच गति होईल.

दूरदेशीं राहणाऱ्या मुलांचे सल्ले हा ह्यांतील एक स्वतंत्र विषय आहे. न्यू जर्सीहून चिरंजीव सांगतात, ‘पेट्रोलच्या टांकीचें झांकण घट्ट लावा, दिवा जाईल.’ टांकीच्या वाफेची मोठी गळती सांगणारा पी०४५५ असेल तर सल्ला रास्त आहे. पी०३०१ असतां झांकण शंभर वेळां फिरविलें तरी कांहीं निष्पन्न व्हावयाचें नाहीं. संकेतांक कोणता हें न विचारतां दिलेला सल्ला, देणारा कितीही शिकलेला असो, विचारांत घेऊं नये.

आतां संकेतांक पुसण्याविषयीं. एक कळ दाबली कीं दिवा विझतो, म्हणून पुष्कळांस हाच उपाय वाटतो. दिवा लागला त्या क्षणीं एंजिनाचा वेग किती होता, पाणी किती तापलें होतें, गाडीवर ओझें किती होतें, ह्या सर्वांची नोंद संगणक करून ठेवतो. गाडी थंड असतां दोष आला कीं चढावर आला, हें त्यावरून समजतें. पुसल्याबरोबर ही नोंदही जाते. दोष खराच असेल तर दिवा परत येतो, पण लगेच नव्हे. पुष्कळ दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याखेरीज दिवा लागत नाहीं, आणि तेवढ्या अवकाशांत बिल चुकतें झालेलें असतें. दोष खरोखर दूर झाला असेल तर साधारणतः तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपण होऊनच विझतो. म्हणून गॅरेजमध्यें जाण्यापूर्वींच संकेतांक व ती नोंद कागदावर उतरून घ्यावी. भाग बदलावयाचा असें ठरल्यास, तो वाईट आहे हें कोणत्या परीक्षेनें कळलें, असें शांतपणें विचारावें, आणि काढलेला भाग परत मागावा. चांगला कारागीर ह्या प्रश्नानें रागावत नाहीं. उलट त्याला बोलण्यास उत्साह येतो, असा आमचा अनुभव आहे.

वापरलेली गाडी विकत घेणाऱ्यांस ह्या पुसण्याचा आणखी एक उपयोग आहे. संकेतांक पुसले किंवा बॅटरी काढली म्हणजे गाडीच्या स्वतपासण्यांचे निकालही कोरे होतात, आणि ते पुन्हां भरण्यास निरनिराळ्या चालींनीं कांहीं दिवस गाडी चालवावी लागते. स्कॅनर लावल्यावर दिवा नाहीं, संकेतांक नाहीं, परंतु बहुतेक स्वतपासण्या ‘अपूर्ण’ अशा दिसल्या, तर विक्रेत्यानें कालपरवांच पाटी पुसली असण्याचा संभव मोठा. बॅटरी खरेंच नवी घातली असेलही. पावती दाखवा म्हणावें, आणि आठवडाभरानें गाडी पुन्हां पाहावी. तोंपर्यंत विसार देऊं नये.

घरीं ठेवण्यासाठीं कोणता स्कॅनर घ्यावा, असेंही कांहींनीं विचारलें आहे. फोनशीं ब्ल्यूटूथनें बोलणारा साधा जोड बहुतेक कुटुंबांस पुरतो. मात्र तो नुसता संकेतांक वाचणारा नसावा, इंधनदुरुस्तीचे व सेन्सरांचे चालू आंकडेही दाखविणारा असावा. त्याची सोळा छिद्रांची जागा बहुधा चालकाच्या गुडघ्याच्या वर, तबकडीच्या खालच्या अंगास असते. तेथील सोळाव्या छिद्रांत बॅटरीची वीज गाडी बंद असतांही खेळत असते, म्हणून काम झाल्यावर जोड काढून ठेवावा. नाहीं तर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. तो घरांतील वडिलांच्या कपाटांत कुलपांत न ठेवतां, गाडी रोज जो किंवा जी चालविते तिच्या हातीं द्यावा. पुढील अंकीं बॅटरीचाच विचार करूं. त्याविषयीं ज्यांस कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं गाडीचें साल व बॅटरी किती वर्षांची आहे तें पत्रांत अवश्य लिहावें.